दादरा बांधलेली बरणी

काळी द्राक्षं स्वस्त होतात ते दिवस उपवासकाळाचे असतात. फेब्रुवारी सरता सरता नाशिकचा माल विरारच्या बाजारात हातगाड्यांवर ढिगाने येऊन पडतो, आणि नेमक्या त्याच सुमाराला बोळिंज, नंदाखाल, उमराळे, आगाशी या पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांत ईस्टरपर्यंतचा संयम सुरू झालेला असतो. कुणी मांस सोडतं, कुणी दारू, कुणी दोन्ही. बोळिंजमधल्या आमच्या मित्राच्या घरी तर त्या दिवसांत कुणी थेंबभरही घेत नाही, आणि त्याच दिवसांत तिथे नाताळची वाईन घातली जाते. माजघरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात चिनी मातीच्या दोन बरण्या बसतात. तोंडाला धुतलेल्या मलमलीचा दादरा, त्यावरून सुतळीचे वेढे. घरभर गोडसर, किंचित आंबूस वास पसरलेला असतो आणि चव कुणीही बघत नाही. हे मला नेहमीच फार देखणं वाटत आलं आहे. ज्या गोष्टीची वाट पाहायची, ती रोज डोळ्यांसमोर ठेवायची आणि तिला बोट लावायचं नाही.

लोणच्याची बरणी गप्प असते. ही नसते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कान जवळ नेला तर आतून बारीक चुरचुर ऐकू येते, पावसाचे पहिले थेंब केळीच्या पानावर पडावेत तशी. मित्राची आई, जिला आम्ही सगळे मावशी म्हणतो, ती त्या आवाजावरून सांगते की आज ढवळायचं की नाही. ऐंशीच्या घरातली बाई. अजून लाल लुगडं नेसते, घरात कादोडी बोली बोलते आणि आमच्याशी बोलताना मराठीवर येते. तिच्या हाताखाली आम्ही पाचसहा जण, सगळे पन्नाशीच्या पुढचे, द्राक्षांचे देठ खुडत बसतो. तिचे नियम साधे आणि कडक आहेत. द्राक्ष धुतलं तर पंख्याखाली पूर्ण वाळवायचं आणि मगच कुस्करायचं. पाणी उकळून गार केलेलं. साखर, मूठभर गहू, चार लवंगा, दालचिनीची एक काडी. चमचा लाकडाचा. बरणी गळ्यापर्यंत भरायची नाही, वर चार बोटं जागा सोडायची, कारण आतला माल फुगून वर येतो आणि जागा मिळाली नाही तर दादऱ्यातून बाहेर वाहतो. एकवीस दिवसांनी गाळायचं. मग बाटल्या, त्याही आधी सैल झाकणाच्या. आतला वायू थांबायच्या आत बूच घट्ट बसवलं तर बाटली फुटते.

आमच्यातला एक जण महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायचा. द्राक्षाच्या सालीवर जी पांढुरकी धूळ दिसते, तीत मेणाचा पातळ थर असतो आणि यीस्टचे जीव त्यावर चिकटून असतात, हे आम्हाला त्याने दाखवलं. लुई पाश्चरने १८५७ साली आंबण्याविषयी पहिला निबंध वाचला आणि हे काम जिवंत पेशींचं आहे हे मांडलं. त्याच्या आधी हजारो वर्षं माणसं आंबवत होतीच. त्यांना ठाऊक होतं ते एवढंच की जुन्या बरणीतला थोडा गाळ नव्या बरणीत घातला की काम लवकर सुरू होतं. शिक्षकाने हायड्रोमीटर आणला. काचेची ती लांबट नळी रसात तरंगते. साखर जास्त असेल तेव्हा उंच राहते आणि साखरेचं मद्य होत जाईल तशी खाली उतरते. मावशीने ती निरखून पाहिली, तिचा आकडा काय सांगतो ते समजून घेतलं, आणि मग सलग काही दिवस दोघांनी मिळून नोंद ठेवली. तो आकडा वाचायचा, ती कान लावायची. आकडा स्थिर झाला त्याच्या आसपासच मावशीने आवाज थांबल्याचं सांगितलं. शिक्षकाच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जो आदर होता तो मी विसरणार नाही.

आम्ही एकमेकांना भेटलो ते गाडीत. विरारची माणसं मैत्री बहुधा तिथेच करतात. चर्चगेट ते विरार हे साठ किलोमीटर. विजेची गाडी विरारला १९३६ साली आली, आणि तेव्हापासून इथल्या पिढ्यांनी आयुष्याचा केवढा तरी भाग डब्यात काढला आहे. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेली खिडकी. कुणी जागा धरायची, कुणी अंधेरीपासून उभं राहायचं, हे न बोलता ठरतं. दसऱ्याला डबा सजतो, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं की पेढे डब्यात वाटले जातात. या मैत्रीवर माझा जीव आहे. पण तिला एक मर्यादा होती आणि ती आम्हाला तेव्हा दिसत नव्हती. ज्याच्या साहेबाचा स्वभाव, गुडघ्याचं दुखणं, कर्जाचा हप्ता सगळं ठाऊक, त्याचं घर आम्ही पाहिलेलं नव्हतं. विरार आलं की गर्दी जिन्यावर चढायची आणि प्रत्येक जण आपल्या रिक्षेच्या रांगेत जायचा.

मार्च २०२० मध्ये लोकल थांबली. पुढे सुरू झाली तीही आधी ठरावीक नोकऱ्यांच्या माणसांसाठी, मग वेळेच्या अटींवर. तोवर आमच्यातले दोघे निवृत्त झाले, एकाची कचेरी घरात आली, एकाने विरार सोडायचं ठरवलं होतं. ग्रुप मोडला असं कुणी म्हटलं नाही. फक्त डबा राहिला नाही, आणि डबा नसल्यावर भेटायचं कुठे हे कुणालाच सुचेना. फोनवर सकाळी फुलांची चित्रं यायची. तेवढंच.

त्या काळात बोळिंजच्या वाडीवाल्या मित्राने निरोप धाडला की मावशीचे हात आता द्राक्षं कुस्करायला पुरत नाहीत, जमेल त्याने यावं. सगळे आले. बोळिंज स्टेशनपासून इतकं जवळ, आणि आमच्यातल्या काहींनी ते गाव आगाशी-अर्नाळ्याच्या वाटेवर बसच्या खिडकीतून पाहिलं होतं तेवढंच.

वाडीत विहिरीच्या बाजूला जुनं पंपघर होतं, वर मंगलोरी कौलं, आत मोडकी मोटर आणि केळीचे सुकलेले सोप. तिथेच आपला बार करायचा असं आम्ही ठरवलं. शेजारच्या भावकीतलं एक जुनं घर त्याच वर्षी पाडलं जात होतं. तिथे सात मजली इमारत येणार होती. त्या घराचे सागवानी वासे आणि एक तुळई वखारीत जायच्या आत आम्ही मागून घेतली. आमच्यातला एक जण पश्चिम रेल्वेच्या लोअर परळच्या कारखान्यात डब्यांच्या सुतारकामावर होता. माळकरी माणूस, गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला पंढरपूर चुकत नाही, आयुष्यात दारूला शिवलेला नाही. आमच्या बारचं टेबल त्याने बांधलं. साडेतीन फूट उंची असावी असं त्याने ठरवलं, कारण उभ्या माणसाचं कोपर तिथे नीट टेकतं. तुळईला रंधा मारला तेव्हा वरचा काळा थर सुटून आतून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं आणि सगळं पंपघर सागाच्या वासाने भरून गेलं. त्याने एकही भोक बुजवलं नाही. जिथे पूर्वी पाळण्याची कडी होती, तिथलं छिद्र आजही टेबलाच्या मधोमध आहे. मागच्या फळीवर वरचे दोन कप्पे वाईनचे, खालचा त्याचा: कोकम आगळ, आल्याचा पाक, लिंबाचं सरबत. तो तिथे आमच्याबरोबर तितकाच वेळ बसतो आणि तितकंच बोलतो.

दुसराही एक जण घेत नाही. त्याचे वडील दारूने गेले. तो बरणी ढवळायला येतो, बाटल्या उकळत्या पाण्यात घालून वाळवतो, लेबलावर तारीख लिहितो. पहिल्या वर्षी मी त्याला विचारलं होतं की तुला हे कसं चालतं. तो म्हणाला, माझ्या बापाने जी प्यायली ती कुठे, कुणी, कशात केली ते आम्हाला कधी कळलं नाही; ही मी पहिल्यापासून पाहतो. मी त्याचं म्हणणं पुष्कळ दिवस मनात घोळवलं. दारूने घरं उजाडतात हे या पट्ट्यात कुणाला शिकवावं लागत नाही. गावोगावच्या बायकांनी मतदान करून आडवी बाटली निवडली आणि दुकानं बंद पाडली, त्यामागे खरं दुःख होतं. मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली, तीही आमच्याच गाडीच्या मार्गावरची, मालाडची. जी वस्तू अंधारात होते, नफ्यासाठी होते आणि पिणाऱ्याला करणाऱ्याचं तोंड माहीत नसतं, तिची भीती बाळगलीच पाहिजे.

आमच्यातल्या भंडारी मित्राचे आजोबा ताडी काढायचे. पहाटे कमरेला कोयती आणि मडकं अडकवून ते ताडावर चढत. पोगीला, म्हणजे ताडाच्या फुलोऱ्याला, रोज एक पातळ काप द्यायचा, हात हलका पाहिजे; जास्त कापलं तर रस आटतो. आतून चुन्याचा हात दिलेल्या मडक्यात उतरतो तो रस गोड राहतो, ती नीरा. चुना नसला आणि ऊन चढलं की तोच रस फेसाळतो, दुपारी ताडी होतो, आणि तसाच राहिला तर पुढे शिरका. कुठल्या तासाला काय हवं ते घरातल्या बाईला ठाऊक असायचं. फुगे तळायच्या पिठात ताडी पडायची, म्हणून ते फुगे तसे हलके व्हायचे. मांसाच्या रश्शात शिरका पडायचा. एका झाडाचा एक रस पाळण्यातल्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांच्या ताटात वेगवेगळ्या रूपाने पोचत होता. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या या किनाऱ्यावर (पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला) सरकारची नजर या झाडांवर फार पूर्वीच गेली होती. १८७८ च्या अबकारी कायद्याने ताडी काढायच्या झाडागणिक कर आला. १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं गोळा करण्यावरच बंधन आलं. ज्या वारली घरांचा उन्हाळा त्या फुलांवर निघायचा त्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको. मग स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा. आजोबांनी कोयती आढ्याला खोचून ठेवली आणि ते मुंबईला गिरणीत लागले. नातू त्याच रस्त्याने गाडीत आला, आणि आम्हाला भेटला.

त्या दारूबंदीच्या काळात मुंबईत घराच्या पुढच्या खोलीत बार चालायचे. एखादी बाई, बहुधा विधवा किंवा नवरा जहाजावर गेलेली, चार खुर्च्या मांडून गिऱ्हाइकाला पाव आणि उकडलेल्या अंड्याबरोबर पेला द्यायची. सगळे तिला आंटी म्हणायचे. मोरारजी देसाईंची शिस्त बाहेर आणि आत ही खोली. लोक त्या अड्ड्यांच्या आठवणी हळवेपणाने काढतात. मला मात्र त्या बाईच्या दारावरची पोलिसांची थाप आठवते, न ऐकलेली. घरात बार असणं आणि घराचा बार करावा लागणं यांत फार अंतर आहे.

मावशीच्या बरण्या त्याच कायद्याच्या सावलीत आहेत, हे मी लपवत नाही. परवान्याशिवाय मद्य बनवायला महाराष्ट्रात मनाई आहे, मग ते नाताळची दोन बाटल्या वाईन असो की खाडीतली हातभट्टी. हा किनारा १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पण इथल्या वाड्या आणि रीती नांदतच राहिल्या. वेदीवरची वाईन आणि सणाची वाईन त्या रीतीतच आल्या. विकत न देता, पाहुण्याला बोटभर पेल्यात द्यायची ही वस्तू. बाहेरच्या देशांत पाहिलं तर ब्रिटनने घरी बिअर करायचा परवाना १९६३ साली काढून टाकला. अमेरिकेत घरच्या बिअरला मुभा देणाऱ्या कायद्यावर जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केली, आणि घरटी किती गॅलन हेही त्यात लिहिलेलं आहे. त्याच छंदातून पुढे कितीतरी लहान ब्रुअरी उभ्या राहिल्या. आपल्याकडे राज्याच्या २००१ च्या धोरणाने नाशिकच्या द्राक्षाला हात दिला, पुण्यात २००९ साली डूलाली ही लहान ब्रुअरी सुरू झाली, आणि आमच्याच जिल्ह्यात बोर्डीला चिकूची वाईन बनते. हे सगळं मला आवडतं. पण हे कारखान्यांचं झालं. माजघरातल्या बरणीसाठी कायद्यात एक लहानसं कलम असावं: घरटी ठरलेलं माप, विक्रीला मनाई, एवढंच. तसं झालं तर मावशीच्या वयाच्या बाया आपली रीत उघडपणे पुढच्यांना शिकवतील, आणि शिक्षकासारखी माणसं त्यांच्या शेजारी बसून काय सुरक्षित आणि काय नाही ते सांगतील.

पंपघराच्या बारमध्ये वर्षभर बसायला काही वाईन लागते असं नाही. बाटलीतली आम्ही परवाना काढून विकत आणतो, तीही बोर्डीची नाहीतर नाशिकची, आणि एक बाटली चार बैठकांना पुरते. जूनच्या तोंडाशी बहाडोलीची जांभळं येतात, टपोरी, गर भरपूर. २०२३ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांचा रस काढून ठेवायचा, हात आठवडाभर जांभळे राहतात. मे महिन्यात करवंदं. एकदा कुणी वसईची सुकेळी आणली आणि आगाशीकडच्या माणसाशी त्यावरून रात्री उशिरापर्यंत वाद झाला, की खरी सुकेळी कुणाची. असे वाद गाडीत होऊ शकत नव्हते. गाडीतल्या बोलण्याला बोरिवलीला तुटावं लागायचं, कुणी उतरायचं, कुणी चढायचं. इथे एक गोष्ट सांगायला घेतली की ती संपेपर्यंत माणूस उठत नाही. बरणीने आम्हाला हे शिकवलं असं मी मानतो. जे तीन आठवडे घाईला दाद देत नाही, ज्याला उद्या येऊन बघावंच लागतं, अशा एखाद्या कामाभोवती पुरुषांना बसवलं की ते बोलायला लागतात. वडिलांची गोष्ट तिथेच निघाली. माळकरी मित्राने आपल्या बायकोच्या आजाराबद्दल पहिल्यांदा सांगितलं तेही टेबलाला लाख लावताना, आमच्याकडे न बघता. इतकी वर्षं समोरासमोर बसून गेलेला माणूस, आणि हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

बोळिंज बदलतं आहे. म्हाडाचे मनोरे आले, हजारो घरं, त्यातली कित्येक पाण्याच्या चिंतेने बरीच वर्षं रिकामी राहिली. आता सूर्या धरणाचं पाणी आलं आणि खिडक्यांत दिवे दिसू लागले. वाड्यांतली बावखलं मात्र बुजत चालली. ज्या खड्ड्यांत पावसाचं पाणी साठून विहिरींना गोडवा राहायचा ते भरून वर गाड्या उभ्या राहतात. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी झगडले ते याच पाण्यासाठी आणि याच झाडांसाठी. ते २०२४ च्या जुलैमध्ये गेले, आणि मावशीने त्या दिवशी विहिरीजवळ मेणबत्ती लावली. तिच्या विहिरीचं पाणी आता उन्हाळ्यात मचूळ लागतं, म्हणून वाईनला ती ते घेत नाही. मनोऱ्यातलं एक तरुण जोडपं गेल्या उपवासकाळात देठ खुडायला आलं होतं. मुलगी विदर्भातली, मुलगा मालवणचा, दोघांनाही इथे ओळखीचं कुणी नव्हतं. मावशीने त्यांना एकच विचारलं, हात धुतलेत का, आणि पाट पुढे सरकवला.

नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा झाली की बाटली उघडते. तोवर करंज्या, दोदोल असं नाताळचं कुसवड झालेलं असतं. पेले लहान असतात, आणि पहिला मावशी घेते. रंग कधी गडद, कधी विटकरी. चव दरवर्षी वेगळी. उन्हाळा कडक होता की सौम्य, त्यावर ती ठरते. माझं मत विचाराल तर गेल्या वर्षीची थोडी जास्त गोड झाली होती.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी मावशी असेल: वाईनची, शिरक्याची, ताडीवर फुगवलेल्या पिठाची. तिच्याजवळ बसा आणि मापं लिहून घ्या, कारण ती कुठल्याही पुस्तकात नाहीत. गाडीतला जो माणूस गेल्या दोन-तीन वर्षांत दिसला नाही, त्याला सोबत घेऊन जा. आणि आमच्याकडेच यायचं असेल तर विरार स्टेशनच्या पश्चिमेला उतरा; बोळिंजची शेअर रिक्षा तिथे मिळते.